टपालाची चावी एकाच्या हाती देऊ नका

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी कार्यालयांचा लोकांशी होणारा पत्रव्यवहार चॅट अ‍ॅपवर नेण्याची सगळीकडे घाई चालली आहे. सोय आहे, नाकारत नाही. पण अ‍ॅप एका कंपनीचे असते आणि तिने खाते बंद केले की दाद मागायची तीही तिच्याकडेच. ईमेलचे तसे नाही. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला ईमेल कसे द्यायचे याचे, नियम लिहून काढले, तेव्हापासून कुणीही स्वतःचा सर्व्हर उभारून कुठल्याही पत्त्यावर पत्र धाडू शकतो. निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात काय होते? मी छोटा मेल सर्व्हर सांभाळतो. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला की समोरच्या सर्व्हरचे '२५०' हे उत्तर दिसते, म्हणजे पत्र स्वीकारले. नंतर ते स्पॅममध्ये गेले, हे मला कोणी कळवत नाही. '५५०' हे नकाराचे उत्तर देऊन तोंडावर नाकारले असते तर निदान कारण शोधता आले असते.

स्पॅमवाल्यांमुळे ही वेळ आली, हेही खरे. मूळ एसएमटीपीत पाठवणारा सांगेल ते नाव खरे धरले जाई. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही पाठवणारा खरा आहे का हे तपासणारी, त्यावर नंतर लावलेली ठिगळे, चांगली आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. काम योग्यच झाले, पण जगाच्या टपालाचा नियम दोन कंपन्यांनी ठरवला, याची चिंता सरकारांना वाटायला हवी होती.

आपल्या हातात बरेच आहे. सरकारी डोमेनवर डीमार्कचे धोरण 'नन' ठेवून वेळ मारून नेऊ नका; त्याने फक्त अहवाल येतात, तोतया पत्रे अडत नाहीत. तोतया पत्रे नाकारायला सांगणारे 'रिजेक्ट' लावा. देवनागरी पत्त्यांची मानके २०१२ पासून तयार आहेत, तरी ऑनलाइन फॉर्म असा पत्ता 'अवैध' ठरवतात; तेही दुरुस्त करून घ्या. आणि सरकारी सर्व्हरने पत्र नाकारायचे असेल तर उघड, कारण सांगून नाकारावे.

मेल स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर 'पोस्टमास्टर' हा पत्ता चालू असणे मानकानुसार बंधनकारक आहे. आपल्या खात्याच्या डोमेनवर त्या पत्त्यावर बाहेरून एक पत्र पाठवून पाहावे आणि उत्तर कोण देते ते आम्हाला कळवावे.

आपला,
एक मेल सर्व्हर चालक