गळ्यात नळी घालण्याची वेळ येऊ नये म्हणून : मदतीचे आवाहन

किडनी निकामी होत चालली की घरात डायलिसिसच्या पैशांची जुळवाजुळव सुरू होते. पण रुग्णाचे रक्त शरीरातून मशीनपर्यंत न्यायचे कुठल्या वाटेने, हा विषय बहुतेकदा शेवटच्या घटकेला निघतो. मग घाईने गळ्याच्या शिरेत नळी घालतात. ड्रेसिंग ओले झाले किंवा सुटले की तिथून जंतू थेट रक्तात जातात, आणि मशीन सुरू होताच रुग्ण थंडीने कुडकुडू लागतो.

हे टाळायचे तर हाताचा फिस्टुला आधीच करून ठेवावा लागतो. मनगटाजवळची धमनी आणि शेजारची शीर जोडायची, एवढीच शस्त्रक्रिया. भूलही बहुधा तेवढ्या जागेपुरती. मात्र धमनीच्या जोराने शीर फुगून सुया टोचण्याजोगी व्हायला किमान 6 आठवडे, कधी 3 महिनेही लागतात. शीर साधारण 6 मिलिमीटर रुंद हवी, त्वचेपासून 6 मिलिमीटरपेक्षा खोल नको, आणि तिच्यातून मिनिटाला निदान 600 मिली रक्त वाहायला हवे.

काही फिस्टुले पिकतच नाहीत, म्हणजे शीर पुरेशी फुगतच नाही. शीर मुळातच बारीक असते, नाहीतर वारंवार सलाईन लावून खराब झालेली असते. म्हणून रुग्ण उजखोरा असेल तर त्याचा डावा हात आजपासूनच जपा: त्यावर सलाईन नको, रक्त काढणे नको. शस्त्रक्रियेआधी दोन्ही हातांच्या शिरांची कलर डॉप्लर तपासणी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) हवीच.

शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेत बसली तरी ही तपासणी, गाडीभाडे आणि बुडालेला रोज अनेकदा घरच्यांवरच पडतो. नेमक्या याच खर्चासाठी आमची रुग्णसाहाय्य समिती निधी गोळा करत आहे. शिवाय शिरेतला प्रवाह ऐकण्यासाठी 8 मेगाहर्ट्झ प्रोबची हातात धरायची 2 डॉप्लर यंत्रे आणि हाताच्या व्यायामासाठी मुठीत दाबायचे मऊ रबरी चेंडू हवेत. देणगी चेकने द्यावी, पावती मिळेल. जुनी औषधे कृपया आणू नयेत, ती आम्हाला वापरता येत नाहीत.

चालकांचीही गरज आहे. चालू फिस्टुलावर बोटे ठेवली की मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. डायलिसिसनंतर बीपी उतरले, घट्ट बांगडी अडकली किंवा रात्रभर हात अंगाखाली दबला, तर आत गुठळी होऊन ती थरथर थांबते. त्याच दिवशी सर्जनकडे पोचले तर फिस्टुला वाचण्याची आशा असते. दोन-तीन दिवस गेले की बहुधा नवा करावा लागतो. रात्री-अपरात्री गाडी काढू शकणाऱ्यांनी आपले नाव समितीच्या कार्यालयात नोंदवावे.