अण्णांचे सात मार्क

प्रिय मन्या,

तुझे दोन मिस्ड कॉल तसेच पडलेत, रागावू नकोस. माझी तब्येत बरी, शुगर आहे तिथेच. अण्णांना अर्धांगवायूचा झटका आल्याचं तुला शिरप्याने सांगितलंच असेल. हात अजून लुळा आहे, पण काठी घेऊन अंगणापर्यंत जातात.

पण लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती तुलाच कळेल. अ‍ॅडमिट केल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांचं तोंड पुसत होतो, तर डाव्या हाताचा अंगठा एकटाच उडायला लागला, मग मनगट, मग ओठाचा कोपरा. दीडेक मिनिट. मला एकदम तुमचा दादा आठवला रे, मांडवात फिट येऊन पडलेला, आणि त्याच्या नाकाशी चप्पल धरणारे ते लोक.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यातली फिट म्हणजे मेंदूला बसलेल्या ताज्या माराची, तिला एपिलेप्सी, म्हणजे मिरगी, म्हणत नाहीत. पण नंतर कधी आपोआप एक जरी आली, तरी दुसरीची वाट न बघता एपिलेप्सीच धरतात. मग त्यांनी औषधाच्या बिलामागे हिशोब मांडून दाखवला. झटक्यानंतर पुढे अशी आपोआप फिट येण्याचा धोका मोजायचा, सिलेक्ट स्कोअर म्हणतात, २०१८ चा, स्वित्झर्लंडच्या १२०० पेशंटवरून काढलेला. झटका मध्यम, १. मेंदूच्या वरच्या थराला इजा, २. मधल्या मोठ्या धमनीचा भाग, १. आणि त्या दीड मिनिटाचे एकदम ३! मोठ्या धमनीत चरबी साठून अडथळा नव्हता म्हणून तो १ वाचला. ९ पैकी ७. शून्यवाल्याला पाच वर्षांत जेमतेम १.३ टक्के धोका, नऊवाल्याला ८३. अण्णांनी विचारलं, "सात म्हणजे फर्स्ट क्लास ना?" डॉक्टरही हसले, मला मात्र हसता येईना.

कारण मी विचारलं, मग आत्तापासूनच गोळी चालू ठेवू का? तर म्हणाले, गोळी फिट दाबते, पण आत एपिलेप्सी तयार होण्याचं थांबवेल असं औषध अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणजे आकडा हातात आहे आणि करायचं काय, तर लक्ष ठेवायचं. स्कूटरची किल्ली मी लपवलीय, त्यावरून रोज भांडण. आई रात्रभर त्यांच्या डाव्या अंगठ्यावर बोट ठेवून पडते, जरा हलला की मला हाक. आत्ता अडीच वाजलेत, दोनदा उठून आलो.

त्या दिवशी मांडवातून मी पळालो म्हणून तू दिवाळीपर्यंत बोलला नव्हतास. बरोबरच होतं तुझं. मी घाबरलो होतो, पण पळायला नको होतं, हे तुला कधी सांगितलंच नाही. आता कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली की तडक हॉस्पिटल, सगळं पाठ आहे.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, छान झालं. चिमीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

काकू तेव्हा झोपायच्या कशा रे, दादा शेजारच्या खोलीत असताना? त्यांना विचारून फोन कर, कितीही वाजता. आईशी बोलतील का तेही विचार.

तुझा,
बाळ्या