एक नाव, दोन गावं

दारव्हा
२ डिसेंबर २०२४

प्रिय गड्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी तो दोन वाक्यांत गुंडाळला आणि तेव्हापासून तू मुकाट आहेस. तेव्हा माझ्या एका हातात विधानसभेच्या इलेक्शन ड्यूटीचा आदेश होता आणि दुसऱ्या हातात रासेयोची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची फाईल. आता मशिनं गेली, निकाल लागला. शेतात कापसाची वेचणी सुरू आहे आणि सोयाबीन क्विंटलला ४८९२ रुपयांच्या हमीभावाची वाट पाहत घरात पोत्यांत पडून आहे. म्हणून लिहायला बसलो.

तू विचारलं होतंस, "तुमचं विद्यापीठ पोरांना मतदान शिकवतं म्हणजे नेमकं करतं काय?" तर आधी विद्यापीठाचं पत्र येतं. कॉलेजनं मतदार साक्षरता मंडळ स्थापन करावं, तहसीलच्या स्वीप (मतदार जागृती) पथकाशी समन्वय ठेवावा, शपथ, रांगोळी, निबंध, प्रभातफेरी घ्यावी आणि जिओटॅग फोटोंसह अहवाल पाठवावा. आम्ही सगळं घेतलं. रांगोळीतला शाईचा हात सुरेख जमला होता, फक्त तो उजवा होता. शाई डाव्या तर्जनीला लावतात हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासुद्धा. फोटो तसाच गेला. प्रभातफेरीत घसा फोडून ओरडणारे निम्मे पोट्टे अकरावी-बारावीचे, सतरा वर्षांचे. ज्यांना मत होतं ते त्या दिवशी सोयाबीन सोंगायला गेलेले.

कामाचं जे काही झालं ते फाईलबाहेर झालं. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख २९, आणि तिच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेलेच नावनोंदणीचे अर्ज धरतात. म्हणजे हाती उरले चार दिवस. मी रासेयोच्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप आणि माझा मोबाईल मांडला. बॅनर नाही, पाहुणे नाहीत. एवढंच सांगितलं की आपलं नाव यादीत आहे का ते पाहून जा.

आणि रांग लागली, लेका! नमुना ६ म्हणजे नवीन नाव, नमुना ८ म्हणजे पत्ता बदल आणि दुरुस्ती, हे पोरांना अर्ध्या तासात पाठ झालं. अडलं ते ओटीपीपाशी. मोबाईल बापाच्या नावावर, बाप वावरात, वावरात रेंज नाही. एक पोट्टा सायकल हाणत गेला आणि तळहातावर पेनानं ओटीपी लिहून आणला. तोवर त्याची मुदत संपलेली. दुसऱ्यांदा तो बापालाच कॅरिअरवर बसवून घेऊन आला.

आळस फार थोड्यांचा होता. खरी भानगड पत्त्याची. कायदा म्हणतो, माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथं त्याचं नाव. आमची पोरं सर्वसाधारणपणे राहतात कुठं? यवतमाळच्या खोलीवर, अमरावतीच्या वसतिगृहात, सुट्टीत गावी, वेचणीला मामाच्या वावरात. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता ठेवता येतो, नाहीतर कॉलेजचं बोनाफाईड जोडून वसतिगृहाचा पत्ता देता येतो. एवढी साधी गोष्ट, पण ती कोणत्याही परिपत्रकात माझ्या वाचनात आली नाही. शपथेचा मसुदा मात्र दरवेळी जोडलेला असतो.

शेवटच्या दिवशी बीए दुसऱ्या वर्षातली एक पोरगी आली. उन्हाळ्यात लग्न झालं, सासर आर्णीकडे, नाव माहेरच्या यादीत. मी लगेच नमुना ८ उघडला. ती म्हणाली, "राहू द्या न सर." मी नियम सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधार तिकडं गेलं, राशन कार्डातलं नाव तिकडं गेलं. माहेरी आता हे एवढंच आहे माहं." नियम तिच्या बाजूचा नव्हता आणि मला काही सुचेना. मी लॅपटॉप बंद केला. तसा तो चार्जिंग संपून बंद व्हायलाच आला होता, पण तुला खोटं कशाला सांगू.

२० नोव्हेंबरला मतदान, सुट्टी सगळ्यांना होती. पण १९ला आम्ही मशिनं मांडीवर घेऊन ज्या लालपरीत बसलो, त्याच गाडीनं एरवी पोरं शहरातून गावाकडं येतात. गाड्या निवडणुकीच्या कामाला गेलेल्या, पोरं स्टँडवर. मतदानाला या म्हणून महिनाभर गळे काढायचे आणि ऐन वेळी त्यांची गाडी आपणच न्यायची! माझं स्वतःचं मत पोस्टल मतपत्रिकेनं आधीच टाकून झालेलं, म्हणून मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. आमच्या केंद्रावर एक पोट्टा भाजीच्या गाडीत बसून आला होता. अंगाला कोथिंबिरीचा वास. यादीत त्याच्या नावावर खूण केली तेव्हा मला रांगोळीच्या पहिल्या बक्षिसापेक्षा जास्त बरं वाटलं.

ती पोरगी नंतर कॉलेजात भेटली. बोटावरची शाई अजून होती. भाऊ मोटारसायकलवर घ्यायला गेला होता. म्हणाली, "सर, भाऊबीजेले एकच दिवस धाडलं होतं. म्या सासूले सांगितलं, मतदान नाही केलं तं दंड बसते. दोन दिवस राहून आली." आपल्याकडं मतदानाची सक्ती नाही, हे मी तिच्या वर्गाला स्वतः शिकवलंय. तिनं ते बरोबर ऐकलं होतं. मी दुरुस्ती केली नाही.

आता तुझ्या आवडीचा विषय. एका पोट्ट्यानं भर वर्गात विचारलं, "सर, इथं कॉलेजात आमाले मत नाही, मंग हे काहून शिकवता?" तीसेक वर्षं झाली, महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका बंद आहेत. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेची निवडणूक आली, पण कागदावरच राहिली. आपल्या वेळी मार्कांवर प्रतिनिधी ठरायचा, आठवतं? मी पहिला आलो आणि तू तीन आठवडे माझ्याशी बोलला नव्हतास. मत पडलं असतं तर तूच निवडून आला असतास, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या पोट्ट्याला काही मी हे सांगितलं नाही. मारामाऱ्या, पैसा, पक्ष ही नेहमीची कारणं सांगितली. तो म्हणाला, "थे तं विधानसभेतही हाये." वर्ग हसला, मीही हसलो.

राज्यात मतदान ६६ टक्क्यांवर गेलं. २०१९ला ते ६१च्या आसपास होतं. अहवालात प्रत्येक कॉलेज यातलं थोडं श्रेय आपल्याकडं ओढेल, आम्हीही ओढू. माझ्या टेबलावरून किती नावं गेली ते मी मोजलं नाही. रकानाच नव्हता.

आणि हो, यादी चाळताना आपल्या गावचा भाग मुद्दाम उघडला. पुण्यात पंधरा वर्षं काढलीस, पण तुझं नाव अजून इथंच आहे आणि तू यंदाही आला नाहीस. त्याच्या वरच्या चौकटीत काकूंचं नाव. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण वगळायचा नमुना ७ कोणी भरलाच नाही. मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओ अंगणवाडीताईला मी विचारलं, तर म्हणाली, "मुलगा येईल तेव्हा भरील म्हटलं." मी भरू शकलो असतो. भरला नाही.

तुझा नमुना ८ आणि काकूंचा ७, दोन्ही छापून ठेवलेत. फोनवर ठरवू नकोस. हुरड्याला ये, वावरात बसून बोलू.

तुझाच,
पहिला आलेला

ता. क. येताना लॅपटॉपची बॅटरी मिळाली तर आण. पुण्यात स्वस्त मिळते म्हणतात.