मातीच्या विटांना दोष देण्यापूर्वी

महोदय,

न भाजलेल्या मातीच्या विटांचे घर चार पावसाळेही टिकत नाही, असा सूर पर्यावरणपूरक घरांचा विषय निघाला की हटकून लागतो. अशा बहुतेक भिंतींचा घात मातीने केलेला नसतो. चुकीची माती, घाईने वाळवलेली वीट आणि वरून थापलेला सिमेंटचा गिलावा, ही खरी कारणे.

विटांसाठी माती घेताना जमिनीचा वरचा फूटभर थर मुळे आणि पालापाचोळ्याचा असतो, तो बाजूला काढावा. खालची माती काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा भरून, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून घुसळावी. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा (वाळूहून बारीक गाळ) अर्ध्या तासात आणि चिकणमाती बसायला रात्र जाते. सिमेंट मिसळून दाबयंत्रात दाबून काढलेल्या विटेसाठी निम्म्याहून बरीच जास्त वाळू आणि १५ ते २० टक्के चिकणमाती चांगली. (पाण्यात फुगल्याने चिकणमातीचा थर असतो त्याहून जाड दिसतो, हे धरून चालावे.) फुगणारी काळी माती सिमेंटला दाद देत नाही, तिचा नाद सोडलेला बरा.

१०० किलो कोरड्या मातीला ५ ते ८ किलो सिमेंट पुरते. ६ टक्क्यांच्या हिशेबाने ५० किलोच्या एका गोणीत सात किलोच्या साधारण सव्वाशे विटा होतात. पाणी किती घालायचे? मुठीत दाबलेला गोळा छातीच्या उंचीवरून टाकावा. त्याचे चार-पाच तुकडे झाले तर बेत जमला. भुगा झाला तर पाणी कमी, नुसताच चेपला तर जास्त. पाणी पडल्यावर मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात संपवावे. उरलेल्यात पुन्हा पाणी घालून काढलेल्या विटा दिसायला ठीक असतात, पण त्यांच्या कडा बोटाने झडतात. पुढे विटा सावलीत, झाकून, २८ दिवस ओलसर ठेवाव्यात. बहुतेक ठिकाणी कसूर होते ती इथेच, कारण आठवड्याभरात वीट वाळलेली दिसते आणि गवंडी थांबायला तयार नसतो.

नुसत्या मातीच्या, सिमेंट न घातलेल्या भिंतीचा प्रश्न वेगळा. तिच्यातली ओल पृष्ठभागातून उडून जायला हवी. सिमेंटचा गिलावा ती अडवतो, क्षार आतल्या आत साचतात आणि पापुद्रा सुटताना मातीचा थरही घेऊन येतो. वरून चकचकीत ऑइलपेंट दिला की विचारायलाच नको. त्याऐवजी एक भाग चुना आणि तीन भाग वाळूचा गिलावा पातळ थरांत द्यावा, प्रत्येक थर सेंटिमीटरच्या आत, आणि उन्हापासून जपून ओला ठेवावा. दोन विटांमधल्या सांध्यांतला मालही विटेपेक्षा कडक नको, नाहीतर तडे विटेतून जातात.

जोते किमान दीड फूट, त्यावर ओलरोधक थर आणि वळचण दोन फूट बाहेर, एवढे हवेच. न्हाणीघराची भिंत मात्र दगडाची किंवा भाजक्या विटेची करावी. तिथे मातीचा हट्ट धरू नये.

– एक वाचक