बचावबोटीवरच्या काकांचे जाहीर आभार

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

शर्यत संपली की जिंकणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. रबरी बोटीत सकाळपासून उन्हात बसलेल्या माणसाला चहासुद्धा शेवटी मिळतो. गंगापूर धरणावर पहिल्यांदाच शर्यतीत उतरलेल्या नवशिक्या डिंगीवाल्यांच्या (डिंगी म्हणजे छोटी शिडाची बोट) वतीने हे पत्र म्हणूनच जाहीर लिहीत आहोत.

पहिले आभार बुचाबद्दल. इल्का या प्रकारच्या डिंगीचं अंग पोकळ असतं आणि मागच्या बाजूला पाणी काढायचं छोटं भोक असतं. त्याचं बूच विसरलं तर बोट लगेच बुडत नाही, हीच खरी गोची. पहिली शर्यत निभते. दुसरीत मागची बाजू बसू लागते, टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यातून वळून शीड दुसऱ्या बाजूला नेताना, आतलं पाणी एका कुशीला धावतं आणि नवशिक्याला वाटतं, आपलंच सुकाणू चुकतंय. ट्रॉलीवरून बोट पाण्यात जाण्याआधी तुम्ही प्रत्येक बूच स्वतःच्या बोटांनी पिळून बघता. सुकाणूची खिट्टी अडकली का आणि डॅगरबोर्डला (बोटीच्या मधून खाली पाण्यात जाणाऱ्या फळीला) दोरी बांधली का, हेही त्याच फेरीत.

मग भाषेचा घोळ. आपल्याकडे शीड म्हणजे कापड, आणि डिंगीवर शीट म्हणजे ते आवळायची दोरी! ‘शीट सोड’ म्हटलं की पोरं वर शिडाकडे बघतात. तुम्ही सरळ ‘दोरी सोड’ म्हणता. बोट उलटल्यावर तर याच दोन शब्दांवर सगळं अवलंबून असतं. दोरी आवळलेली राहिली, तर डॅगरबोर्डवर उभं राहून बोट सरळ करताच शिडात वारा भरतो आणि ती पलीकडे पुन्हा आडवी. तुम्ही आधी डोकी मोजता, माणसाजवळ इंजिन बंद करता आणि बोटीचं पुढचं टोक वाऱ्याकडे धरून ठेवता. मे महिन्यात पाणी उतरलं की डोलकाठीचं टोक गाळात रुततं. तेव्हा इंजिनचा जोर लावला तर काठी वाकते. ज्या कोनात रुतली त्याच कोनात, सावकाश मागे, ही तुमची पद्धत.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शर्यत सुटण्याआधीच्या तुमच्या पाच मिनिटांच्या हिशोबाचा. वर्गाचा, म्हणजे त्या प्रकारच्या बोटींचा, झेंडा चढला की सुटायला पाच मिनिटं. चाराला तयारीचा झेंडा चढतो, एक मिनिट उरलं की तो उतरतो, आणि शून्याला वर्गाचा झेंडा खाली. भोंगा वाजला नाही तरी वेळ झेंड्याचीच. नवशिके नेमके पंचांच्या बोटीजवळ गर्दी करतात आणि वारा येतो त्या, म्हणजे वरच्या बाजूने घुसू बघतात. तिथे हक्क खालच्या बोटीचा असतो. दुसरी चूक म्हणजे शीड फडफडत ठेवून थांबणं. बोट चालतच नसेल तर सुकाणूला धरायला पाणी नसतं. तुमचा सल्ला: सुरुवातीच्या रेषेमागे दोन बोटींएवढं, म्हणजे साडेआठ मीटरच्या आसपास अंतर, खालच्या अंगाला मोकळी जागा, शीड अर्धं भरलेलं, आणि शेवटच्या दहा सेकंदांत दोरी आवळायची. त्र्यंबककडच्या डोंगरांवरून येणारा वारा एका रेषेत वाहत नाही, झुळूक आली की दिशाही फिरते. म्हणून शर्यतीआधी दहा मिनिटं नुसतं वर-खाली करून वारा बघायचा, हेही तुमचंच.

वेळेआधी रेषा ओलांडली तर लाज न बाळगता परत यायचं. नाही आलात, तर नोंदवलेल्या बोटींपेक्षा एक गुण जास्त माथी बसतो, आणि इथे कमी गुणवाला जिंकतो. बोयाला (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला) धक्का लागला तर शिक्षा म्हणून बोटीची एक गिरकी, दुसऱ्या बोटीशी नियम मोडला तर दोन. बाकी नियमपुस्तक पावसाळ्यात वाचता येतं.

चार मिनिटांचा झेंडा चढला की बोट ‘शर्यतीत’ धरली जाते आणि बाहेरची मदत बंद. कुणी आजारी, जखमी किंवा धोक्यात असेल तर मात्र हात देता येतो. त्या क्षणापासून तुम्ही तोंड घट्ट मिटता. काठावरचे पालक ओरडत असतात, तुम्ही मात्र समोरून चुकीचा टॅक जाताना बघूनही गप्प. हे किती अवघड आहे ते आम्हाला ठाऊक आहे.

जादा बुचं तुमच्या खिशातून जातात, हे लक्षात आलंय. पुढच्या रविवारी सहा बुचं आणि प्रत्येकाला बांधायला दोरा आणतो. चहा आधी तुम्हाला.

आपले,
गंगापूरचे डिंगीवाले, नाशिक