आईची दिनदर्शिका वाचणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार. आपले नाव येथे लिहिलेले आपल्याला रुचणार नाही, म्हणून ते गाळले आहे.

बाबा न्हाणीघरात वारले तेव्हा आई देवळात होती. पंचनाम्याच्या सोपस्कारांत दोन दिवस गेल्यावर शवचिकित्सा झाली आणि अहवालात त्यांच्या हृदयाच्या औषधाची, डिगॉक्सिनची, पातळी रक्ताच्या मिलिलिटरमागे ४.६ नॅनोग्रॅम आली, जी ते औषध घेणाऱ्या जिवंत माणसात साधारण ०.५ ते २ असते. तो आकडा वाचून दाखवणाऱ्या गृहस्थांनी मान वर न करता एवढेच विचारले, "गोळ्या कोण देत होते?" बाराव्याच्या जेवणापर्यंत तो प्रश्न आमच्या डिचोलीच्या वाड्यावर सर्वांना पाठ झाला होता. त्यानंतर आईने स्वतःच्या हाताने कोणाला चहासुद्धा दिला नाही.

अहवालातील जी ओळ सगळ्यांनी ओलांडली होती, तिच्यावर आपण बोट ठेवलेत: रक्त हृदयातून घेतलेले होते. हे औषध रक्तात थोडे आणि हृदयाच्या स्नायूत त्याच्या कित्येक पटींनी असते. जिवंत पेशी ते धरून ठेवतात, मृत्यूनंतर त्यांची आवरणे निकामी होतात आणि तो साठा शेजारच्या रक्तात उतरू लागतो, शीतपेटीतही हे मंदावते पण थांबत नाही, असे आपण आईकडे पाहून सांगितलेत, माझ्याकडे नव्हे. आई म्हणाली, "म्हणजे सोलं पाण्यात राहिली की रंग सुटतो, तसं?" "अगदी तसंच," आपण म्हणालात. मांडीच्या शिरेतले रक्त या साठ्यापासून दूर असल्यामुळे अधिक विश्वासाचे, पण तेही पूर्ण निर्दोष नव्हे, हेही आपण लपवले नाहीत. त्या रक्ताची राखून ठेवलेली कुपी तपासली गेली आणि आकडा १.८ आला. मधल्या अर्ज-विनंत्यांबद्दल न लिहिलेलेच बरे.

परंतु हे पत्र त्या आकड्यासाठी नाही. आईने पिशवीतून भिंतीवरची दिनदर्शिका काढली तेव्हा मला संकोच वाटला होता, कारण आधीच्या गृहस्थांनी "याला पुरावा म्हणत नाहीत" असे म्हणून ती टेबलाच्या कडेला सरकवली होती. आपण चष्मा लावलात आणि जानेवारीपासून एकेक पान उलटत, आईच्या निळ्या खुणांवरून बोट फिरवत गेलात. शनिवार-रविवार कोरे होते, कारण गोळी आठवड्यातून पाचच दिवस द्यायची होती. जूनमधल्या एका कोऱ्या बुधवारी आपले बोट थांबले. आईने सांगितले, त्या दिवशी बाबांना सारखी उलटी होत होती, म्हणून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोनवर विचारून गोळी दिली नाही. "बरोबर केलंत," आपण म्हणालात, आणि या औषधाचे प्रमाण वाढले की मळमळ-उलटी हीच पहिली खूण असू शकते, हेही सांगितलेत. मग पाने नीट जुळवून दिनदर्शिका दोन्ही हातांनी आईला परत दिलीत.

बाईमाणसाने पेनाने केलेल्या खुणा कागदपत्रासारख्या वाचणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. शिकलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. परतताना बसमध्ये आईने कित्येक आठवड्यांनी भूक लागल्याचे सांगितले.

यंदाची सोलं वाळली आहेत. आपल्यासाठी एक बरणी तिने वेगळी काढून ठेवली आहे. कोठे पोहोचती करावी, तेवढे कळवावे.

आपली नम्र,
डिचोलीची एक लेक