गोदी पाहायची तर आधी तिथी पाहा

संपादक महोदय,

पावसाळा संपला की नाशिकच्या शाळांत सहलींची आखणी सुरू होते. मुंबईची सहल म्हणजे गेटवे, राणीची बाग, चौपाटी हे ठरलेलेच. ज्या बंदरावर मुंबई उभी राहिली, ते मात्र बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या कंपाउंडच्या भिंतीपुरते. वेळ पुरत नाही ही सबब आहे. सातच्या सुमाराच्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून निघून संध्याकाळच्या पंचवटीने परत यायचे ठरवले, तरी गोदीचा पट्टा नीट पाहून होतो. फक्त तारीख रविवार पाहून नव्हे, तिथी पाहून ठरवावी.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी भरतीचा तक्ता पाहावाच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढते-उतरते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, जेमतेम दीड मीटर. सहलीला एकादशी-द्वादशी सोयीची. गाडी पोहोचते तेव्हा पाणी उतरू लागलेले असते आणि दुपारी तीनच्या सुमारास तळाला जाते.

सीएसएमटीहून हार्बरच्या लोकलने तिसरे स्टेशन डॉकयार्ड रोड, तिथून भाऊचा धक्का. आधी खाडीपलीकडच्या, उरणजवळच्या मोऱ्याची लाँच धरावी, फिरणे नंतर. कारण मोऱ्याच्या जेट्टीशी गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच टेकतच नाही. फेऱ्या रद्द होतात आणि पन्नास मुले पलीकडे अडकतात. लाँचमधून नांगरलेली जहाजे आणि जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर दिसतात. धक्क्याशेजारीच माझगाव डॉक आहे; तिथे 1774 मध्ये एक लहान सुकी गोदी (दुरुस्तीसाठी पाणी उपसून कोरडी करतात ती) होती, आज युद्धनौका बांधतात. त्या बाजूला मोबाइल खिशातच ठेवावा. परतल्यावर धक्क्याच्या पायऱ्या दाखवाव्यात: जाताना पाण्याखाली असलेल्या पायऱ्या आता शेवाळासकट उघड्या पडलेल्या असतात. उतरताना कठडा सोडू नये.

गोदीला दारे का लागतात, ते या पायऱ्यांवरच समजते. पाणी इतके उतरत असेल, तर धक्क्याला लागलेले भरलेले जहाज ओहोटीला तळावर बसेल. म्हणून भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि दारे लावून कोंडायचे. इंदिरा गोदीला (1914, पूर्वीची अलेक्झांड्रा) समोरासमोर दोन दारे आणि मध्ये सुमारे 228 मीटरचा लॉक आहे. जहाज लॉकमध्ये घ्यायचे, मागचे दार लावायचे, पाण्याची पातळी जुळवायची, मग पुढचे उघडायचे. दाराच्या उंबऱ्याशी गाळ साचला की दार नीट बसत नाही आणि आतले पाणी पाझरते. गाळउपसा कधी संपत नाही तो यासाठीही. प्रिन्सेस (1880) आणि व्हिक्टोरिया (1888) या थोरल्या गोद्या तर बुजवल्याच गेल्या. कंटेनरच्या अवाढव्य जहाजांना लागणारी खोली आणि जागा इथे नव्हती. आपल्या द्राक्षांचे कंटेनर न्हावा-शेव्याहून जातात ते त्यामुळेच. ते बंदर 1989 मध्ये सुरू झाले.

व्हिक्टोरिया गोदीतच 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरल्या होत्या. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. आपल्या शाळांत दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात. त्याची तारीख इथून आली, हे किती मुलांना सांगितले जाते?

आता जमिनीखालचे. समुद्राखालून जाणाऱ्या भुयारांच्या कहाण्या सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यापेक्षा बॅलार्ड इस्टेटमध्ये पायाखाली पाहावे: अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीदगडाचा भराव टाकून ही जमीन समुद्रातून काढली आहे. सीएसएमटीपासून चालत जाता येते, म्हणून हा टप्पा शेवटी ठेवावा. खरेखुरे तळघर हवे असेल तर मलबार हिलवर राजभवनात (आता लोकभवन) आहे. 2016 मध्ये तिथे 13 खोल्यांचा बंकर सापडला. दारूगोळ्याची कोठारे, गोळे वर चढवण्याची लिफ्ट, दुरुस्तीची जागा, सगळे किनाऱ्यावरच्या तोफांसाठी. 2019 पासून तिथे संग्रहालय आहे. मात्र आगाऊ नोंदणी आणि ओळखपत्र लागते, त्यामुळे एका दिवसाच्या सहलीत हे कोंबू नये.

इंदिरा गोदीत परवानगीशिवाय प्रवेश नाही. शाळेच्या लेटरहेडवर, मुलांच्या नावांच्या यादीसह बंदर प्राधिकरणाकडे वेळेत अर्ज करावा आणि त्यात तिथल्याच ह्यूजेस सुक्या गोदीचा आवर्जून उल्लेख करावा. पाणी उपसल्यावर जहाज लाकडी ठोकळ्यांवर टेकते. ठोकळ्यांची मांडणी जहाजाच्या नकाशाबरहुकूम नसेल तर तळाचे पत्रे दबतात. मुलांनी पाहावे ते हे.

मुक्काम असेल तर कुलाब्याची ससून गोदी (1875) पहाटे पाचला गाठावी, मासळीचा लिलाव तेव्हाच रंगतो. फरशी बर्फाच्या पाण्याने निसरडी असते. चपला नकोत, मागे पट्टा असलेले रबरी सँडल घालावेत. टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांची वाट अडवू नये.

— एक वाचक, नाशिकरोड